निवडुंगाचं रक्त

आमच्या देवीचं खरं नाव त्लासोल्तेओत्ल. आजारी माणसाला एवढं नाव एका दमात घेता येत नाही, म्हणून तेनोच्तित्लान या आमच्या कालव्यांच्या शहरातली साधी माणसं तिला घाणखाई म्हणतात. आयुष्यभर केलेली घाण तिच्यापुढे ओतायची, ती खाते, आणि माणूस धुऊन निघतो. तिच्या मूर्तीच्या तोंडाभोवती काळं फासलेलं असतं ते त्यामुळेच. एवढं सगळं खाणाऱ्या बाईचं तोंड स्वच्छ कसं राहणार?

अडचण एकच. एका माणसाचं ती आयुष्यात एकदाच खाते. दुसऱ्यांदा वाढलं तर ताटाकडे बघतसुद्धा नाही.

त्यामुळे आमच्या लोकांचा सगळा धर्म शेवटी वेळ साधण्यावर येऊन ठेपला आहे. कबुली लवकर दिली तर नंतरची पापं अंगावर राहतात. उशीर केला तर बोलायला जीभ उरत नाही. मी दिवस वाचणारा. पुजाऱ्यांच्या शाळेत तारुण्य घालवून मी रंगीत पोथीतला एकेक दिवस, त्याचा देव, त्या देवाचा रुसवा सगळं पाठ केलं. कशासाठी, तर म्हाताऱ्यांनी उंबऱ्यावर टेकून मला विचारावं, "गुरुजी, मी अजून किती टिकेन हो?" आपण पापी आहोत का, असं मला कुणी विचारत नाही. ते त्यांना माहीत असतं.

पापं ऐकून माणूस शहाणा होतो, असं शाळेत सांगायचे. तसं काही नाही. माणूस दमतो. माझ्या आळीत एखादं नवं पाप शेवटचं कधी झालं, ते मला आठवत नाही. तेच शेजारी, त्याच शेजारणी, तीच दारू. मधूनमधून मला जांभई येते, ती मी धुराच्या आडोशाला देतो.

चटईवर बसून देवीपुढे जे बोललं जातं ते देवीनं खाल्लेलं असतं. त्यातला एक शब्द माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. पण उंबऱ्यावर, पायऱ्यांवर, होडीत चढता-उतरताना लोक जे बोलतात ते देवी खात नाही, आणि माझ्या अनुभवात खरं बोलणं तिथेच होतं. ही गोष्ट सगळी उंबऱ्यावरची आहे.

चिमाल माझ्याच आळीतला रंगारी. निवडुंगावरचे बारीक किडे झटकून घ्यायचे, वाळवायचे, कुटायचे, की जो लाल रंग निघतो त्याला आम्ही निवडुंगाचं रक्त म्हणतो. चिमालनं रंगवलेला कपडा बाजारात लांबून ओळखू येतो. लहानपणी आम्ही एकाच कालव्यात डुंबलो, एकाच बाईच्या शेतातली कणसं चोरली. काम नसलं की तो मला "अरे कानाउ" म्हणतो. काम असलं की मी गुरुजी होतो.

काही वर्षांपूर्वी त्याला असा ताप भरला की वैदिणीनं हात झटकले. त्यानं घाईघाईत माझ्याकडून कबुलीचा दिवस काढून घेतला, नवी चटई आणली, विस्तवावर धूप टाकला, शपथ म्हणून जमिनीला बोट लावून ते चाटलं आणि सगळं ओकून टाकलं. काय ओकलं ते विचारू नका. देवीला त्या दिवशी पुन्हा जेवावं लागलं नसणार, एवढंच म्हणतो.

आणि मग तो बरा झाला.

कबुली देऊन मरणं ही आमच्याकडे भाग्याची गोष्ट. कबुली न देता जगणं हेही वाईट नाही, सगळे तेच करतात. पण कबुली देऊन जगायचं कसं, हे कुणीच कुणाला शिकवलेलं नाही. चिमाल चांगला वागू लागला. दुसरा मार्गच नव्हता. कालव्यावर बायका धुणं धूत असल्या की तो तोंड भिंतीकडे करून चालायचा, त्यात दोनदा पाण्यात पडला. आमच्या वयाच्या माणसाला घायपाताची दारू प्यायची मुभा असते. सणाला सगळे म्हातारे मांडी घालून पितात, रडतात, गातात. चिमाल कोपऱ्यात पाणी पीत बसायचा आणि आमच्याकडे बघायचा. त्या बघण्यानं दारू उतरायची.

त्याची बायको नेकावाल मला बाजारात भेटली की म्हणायची, "गुरुजी, तुम्ही याला आणखी जरा थांबवलं असतं तर काय बिघडलं असतं? पापी होता तेव्हा निदान बाहेर तरी असायचा."

एका गोष्टीत मात्र चिमालचं आळीत फार नाव झालं. दर सणाला घरातल्या कर्त्या माणसानं कानाच्या पाळीला घायपाताचा काटा टोचून रक्त काढायचं आणि तो रक्ताळलेला काटा आळीच्या देवळातल्या गवताच्या गोळ्यात खोचायचा. सूर्याला त्यावर दिवस काढायचा असतो. आता तुमचं-आमचं रक्त दुपारपर्यंत काळं पडतं, दुसऱ्या दिवशी तपकिरी होतं, मग माश्या बसतात. चिमालचे काटे पुढच्या सणापर्यंत लालभडक. थोरला पुजारी लोकांना बोट करून दाखवायचा, "बघा! याला म्हणतात मनापासून दिलेलं रक्त. शिका जरा." चिमालचे काटे गोळ्याच्या पुढच्या बाजूला खोचायचे, आणि माझे मागे, असं ठरूनच गेलं. माझ्या कानाच्या पाळीची वाळलेल्या मिरचीसारखी चिंधी झाली आहे, पण ते कोण बघतं.

या हिवाळ्यात नेकावाल आजारी पडली. आधी भूक गेली, मग पोट फुगलं, मग ती चटईवरून उठेनाशी झाली. वैदीण आली. तिनं पांढरं कापड अंथरून मक्याचे दाणे फेकले, बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिचं हिला काही झालेलं नाही. घरातल्या कुणाच्या तरी घाणीचा वारा लागलाय. ज्याची आहे त्यानं ती उपसावी, नाहीतर ही जाईल." एवढं बोलून तिनं दाणे गोळा केले आणि गेली. वैदिणींचं बरं असतं. त्यांना घाण कुणाची ते सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाल माझ्या उंबऱ्यावर. हात कोपरापर्यंत लाल, डोळेही तसेच.

"गुरुजी," तो म्हणाला.

मी ओळखलं, काम आहे. "बस."

"आत नको, इथंच बसतो. आत बसलो तर तुम्ही म्हणाल चटई कुठंय." तो टेकला. "मला परत कबुली द्यायचीय."

"तुझी झाली."

"ती जुनी झाली. त्यानंतरचं आहे."

"चिमाल, एकदाच. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आळीतल्या कुत्र्यांना माहीत आहे."

"थोडंसंच आहे हो. तीळभर. देवीला दाढेला लागायचं नाही."

"देवी एकदा जेवली की उठते."

तो उंबऱ्याच्या लाकडावर नख घासत म्हणाला, "मग तुला मित्र म्हणून सांगतो. कानाउ, ते काटे माझ्या रक्ताचे नाहीत."

मी नुसतं ऐकत राहिलो. या धंद्यात ते जमावं लागतं.

"मुद्दाम नाही केलं रे. एका सणाला पहाटेपर्यंत कामाला जुंपलो होतो. थकून गेलेलो. कान आधीच्या सणाचा भरला नव्हता, पू झालेला. काटा उचलला तर हाताचा रंग त्याला लागला. छान लाल. म्हटलं, आज एवढ्यावर भागवू, पुढच्या वेळी दुप्पट देऊ. गेलो, खोचला, आणि नंतर घरी येऊन दाराशी बसलो. म्हटलं, आता बघू. आता काही सूर्य उगवत नाही."

"मग?"

"उगवला की. नेहमीच्या ठिकाणी. थोडा लालसर वाटला, पण ते मलाच वाटलं असेल." त्यानं कपाळ पुसलं, कपाळ लाल झालं. "मग पुढच्या सणाला वाटलं, चालतंय तर. किड्यांचं का होईना, रक्तच ते. किती जीव जातात त्यात. माझ्या एका कानापेक्षा जास्तच. आणि मग पुजारी बोट दाखवायला लागला. आता मधेच खरं रक्त द्यायचं म्हणजे लोक विचारणार, याचं काळं कसं पडलं?"

"म्हणजे एवढी वर्षं तू बायकांकडे बघितलं नाहीस, दारू प्यायला नाहीस, आणि..."

"दमलो होतो रे," तो म्हणाला. "चांगलं वागून माणूस फार दमतो. कुठंतरी तर हात सैल सोडायला नको?"

त्याच्या या बोलण्याला पोथीत उत्तर नाही. मी पोथी अनेकदा वाचली आहे.

"आता तिला लागलाय तो वारा," तो म्हणाला. "माझा. तोंड उघडायचा रस्ता मी आधीच वापरून बसलोय, आणि मरतेय ती. काहीतरी सांग."

मी सांगितलं की मला काही सांगता येत नाही. तो उठला, पायरी उतरला, आणि परत वळला. आळीतल्या माणसाला सगळ्यात वाईट कल्पना नेहमी पायरी उतरल्यावर सुचते.

"तिची शिल्लक आहे," तो म्हणाला.

नेकावालची कबुली खरंच शिल्लक होती. तिनं ती कधी मागितलीच नव्हती. दुपारी मी दिवस काढायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा चिमालनं तिला आधीच सगळं सांगितलेलं होतं. रंगाच्या मडक्यांच्या रांगेपलीकडे ती भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्या चटईशेजारी खुंटीला एक पिवळा कुत्रा बांधला होता.

तो कुत्रा का, ते आमच्यातल्या लहान पोरालाही कळतं. अंथरुणात मेलेल्या माणसाला खाली मृतांच्या देशात जाताना रुंद नदी ओलांडावी लागते, ती कुत्र्याच्या पाठीवरून. कुत्रा पिवळाच लागतो. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंघोळ केलीय, मी नाही येत. काळा म्हणतो, मी आत्ताच माखलोय, मी नाही येत. पिवळा काही कारण सांगत नाही. पण या हिवाळ्यात म्हातारे इतके गेले की पिवळा कुत्रा शहरात शोधून मिळेना. चिमालनं कुठून तरी पैदा केला होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"बघा ना, गुरुजी," नेकावाल मला म्हणाली. आवाज गेला होता, जीभ जागेवर होती. "हा मेला माझ्याकडे असा बघतो, जणू होडी सुटायला उशीर होतोय."

"अगं, मायाळू आहे तो," चिमाल म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका. मायाळू!" ती माझ्याकडे वळली. "ऐकलंत ना यांचं? मी म्हणे यांचं पाप माझं म्हणून सांगायचं. आयुष्यभर यांच्या रंगाची मडकी घासली. पोरं काढली, त्यातली निम्मी पुरली. यांच्या कबुलीच्या वेळी उपास मी केला, कारण यांना अशक्तपणा होता. एक गोष्ट माझी अशी उरली होती. कोपऱ्यात ठेवली होती, नव्या भांड्यासारखी. तीही हवी यांना."

"तुझ्याचसाठी म्हणतोय ना," चिमाल म्हणाला. "तू बरी व्हावीस म्हणून."

"हो का? आणि मी बरी झाले की तुमचे काटे परत पहिल्या रांगेत."

चिमालनं मान खाली घातली. मडक्यातला रंग उगाच काठीनं ढवळला.

"तुझं स्वतःचं काय असणार आहे तिथं सांगायला?" तो हळूच म्हणाला. "सगळी जागा मोकळीच आहे की."

नेकावालनं त्याच्याकडे जे बघितलं ते मी माझ्या धंद्यात बऱ्याच बायकांच्या डोळ्यांत पाहिलं आहे. त्यांच्या नवऱ्यांना ते दिसत नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "असं चालतं का पण? एकाचं दुसऱ्यानं ओतलेलं?"

"पोथीत चालतं असं लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "चालत नाही असंही लिहिलेलं नाही. बहुतेक कुणी विचारलं नसावं."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"एवढं शिकून?"

"शिकल्यावरच कळलं."

ती हसली, मग खोकली, मग बराच वेळ खोकतच राहिली. चिमालनं तिला पाठीमागून धरलं. त्याच्या हातांचे लाल ठसे तिच्या पांढऱ्या झग्यावर उमटले. ती जायच्या वाटेवर आहे हे मला तेव्हा दिसलं, आणि त्यालाही. तो लहान मुलासारखा रडायला लागला. आवाज न करता, नाक वाहू देत.

"बरं, सांगते तुमचं," नेकावाल म्हणाली. "रडू नका. नाक पुसा आधी. हातानं नको!"

मी दिवस काढला. चांगला नव्हता, पण फार वाईटही नव्हता, आणि त्याच्यापुढच्या चांगल्या दिवसापर्यंत ती थांबेल असं मला वाटलं नाही.

त्या दिवशी चिमाल तिला होडीतून घेऊन आला. बरोबर नवी चटई, धूप, देवीला वाहायचा कोरा कागद आणि कुत्रा. कुत्रा कशाला, म्हणून मी विचारलं.

"वाटेत काही झालं तर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आयत्या वेळी शोधाशोध नको."

"ऐकू येतं मला," नेकावाल होडीतून म्हणाली.

तिला आम्ही दोघांनी धरून आत आणलं, चटईवर बसवलं. चिमाल दारातून वाकून कुजबुजला, "अगं, काट्यांचं विसरू नकोस. आधी तेच सांगून टाक. मग उगाच इकडचं-तिकडचं नको, थकशील." ती म्हणाली, "जा आता." मी दारावरची चटई खाली सोडली.

आत काय झालं ते मी सांगणार नाही. किती वेळ झालं ते सांगू शकतो, कारण ते बाहेर सगळ्यांनी पाहिलं. धूप टाकला तेव्हा ऊन दाराच्या चौकटीला नुकतं लागत होतं. संपलं तेव्हा ते अंगण ओलांडून कालव्याच्या कडेला गेलं होतं. मधे मला दोनदा विस्तवात लाकूड घालावं लागलं. मला जांभई आली नाही, एवढंही सांगायला हरकत नसावी.

चिमाल बाहेर पायरीवर बसला होता. माझी बायको नंतर म्हणाली, की आधी तो कान देऊन बसला, मग उठून फेऱ्या घालायला लागला, मग तिला विचारायला लागला, "काट्यांचं सांगायला एवढा वेळ लागतो का हो, वहिनी?" ती म्हणाली, "नीट सांगत असेल." तो म्हणाला, "नीट सांगितलं तरी. काटा, रंग, गोळा. तीन शब्द आहेत." थोड्या वेळानं म्हणाला, "मग आणखी काय सांगतेय ती?" माझी बायको मका दळायला आत गेली. तीही आळीत बरीच वर्षं राहते आहे.

या फेऱ्यांच्या नादात त्याच्या हातून कुत्र्याची दोरी सुटली. कुत्रा सकाळपासून तहानलेला. तो थेट कालव्यात गेला, मनसोक्त पोहला, आणि वर येऊन अंगणाच्या मधोमध उभा राहिला.

नेमकं तेव्हाच मी दारावरची चटई वर केली. नेकावाल माझ्या खांद्याचा आधार घेऊन बाहेर आली. उन्हात डोळे मिचकावत तिनं अंगणात पाहिलं.

कुत्रा पांढरा होता. पाठीवर अजून थोडा पिवळा ओघळ होता, पायांशी पिवळं डबकं साठत होतं. त्यानं अंग झटकलं आणि तेवढंही गेलं. इतका पांढरा कुत्रा मी फार दिवसांत पाहिला नव्हता. आत्ताच अंघोळ केलीय, हे त्याला तोंडानं सांगायची गरज नव्हती.

चिमाल रंगाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "अमरवेलीचा पिवळा आहे. तुरटी लावल्याशिवाय तो धरत नाही. आणि हे जनावर तुरटी लावेपर्यंत उभंच राहीना."

"कुत्रासुद्धा?" नेकावाल म्हणाली.

"मिळतच नव्हता गं कुठं पिवळा. तुला बरं वाटावं म्हणून..."

"सूर्याला फसवलंत ते सूर्य बघून घेईल. त्याला वर बसल्या बसल्या काय धाड भरलीय. मला ती नदी ओलांडायची होती, या कुत्र्यावर बसून! अंधारात! मधोमध गेल्यावर याचा रंग उतरला असता म्हणजे?"

चिमाल जवळ आला, तिचा दुसरा हात धरला आणि ज्याच्यासाठी सकाळपासून उन्हात बसला होता ते शेवटी विचारलंच. "ते जाऊ दे. माझं सांगितलंस ना?"

नेकावालनं त्याच्याकडे पाहिलं. मग कुत्र्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"अगबाई," ती म्हणाली. "ते राहिलंच."

"राहिलं?"

"बोलण्याच्या नादात राहून गेलं."

"एवढा वेळ काय बोलत होतीस मग?"

"ते देवीनं खाल्लं."

चिमालचा चेहरा किड्यांचा रंग धुतलेल्या पाण्यासारखा झाला. त्यानं माझ्याकडे वळून माझा दंड धरला. "कानाउ. गुरुजी. तुम्ही तिथं होता. हिनं सांगितलं की नाही?"

मी नेकावालकडे पाहिलं. ती कालव्याकडे बघत होती, अगदी शांतपणे, जसं चुलीवरचं उतू जाणार नाही याची खात्री असलेली बाई बघते.

"देवीनं खाल्लं त्यातलं मला काही माहीत नसतं," मी म्हणालो. माझ्या धंद्यात हे वाक्य रोज लागतं. एरवी ते बोलताना मला कंटाळा येतो.

"मग आता काय करू मी?"

"मला विचारताय?" नेकावाल म्हणाली. "कान तुमचा आहे, काटा तुमचा आहे. आणि होडी आणा आधी, उभं राहवत नाही मला."

होडीत बसताना ती मला म्हणाली, "गुरुजी, तुमच्याकडे सकाळचा मका उकडलेला असेल तर थोडा द्या. मिरची लावून." किती दिवसांत तिनं खायला मागितलं नव्हतं. माझी बायको पानात गुंडाळून घेऊन आली. ती होडीतच खायला लागली. पांढरा कुत्रा तिच्या पायाशी बसून प्रत्येक घास मोजत होता.

ती एकदम बरी झाली असं नाही. पोट हळूहळू उतरलं, रंग परत आला, आवाज आला. शेवटची गोष्ट चिमालला सगळ्यात आधी कळली. वैदीण येऊन पाहून गेली आणि म्हणाली, "उपसली कुणीतरी." कुणी, ते तिनं याही वेळी सांगितलं नाही.

पुढच्या सणाला पहाटे चिमाल देवळात आला तेव्हा त्याच्या कानाला चिंधी बांधली होती आणि ती भिजली होती. त्याला आता खात्री होती की त्याचं पाप अजून घरातच फिरतं आहे, दाराआड, मडक्यांमागे, आणि त्याला दाबून ठेवायला दर सणाचं खरं रक्त हाच उपाय. आमच्या वयात कान लवकर भरत नाहीत.

सूर्य उगवला. नेहमीच्या ठिकाणी. मी मुद्दाम नीट बघितलं, काही फरक दिसला नाही.

दुपारपर्यंत चिमालचा काटा काळा पडला. दुसऱ्या दिवशी तपकिरी झाला. मग त्यावर माशी बसली. आणखी दोन सण तेच झालं. मग थोरला पुजारी सगळ्यांदेखत त्या काट्याकडे बोट करून म्हणाला, "काय माणूस होता हा, आणि वय झाल्यावर बघा. भक्ती आटली. मन नाही राहिलं." चिमालचे काटे मागे गेले, माझ्या काट्यांशेजारी.

त्या दिवशी सण संपल्यावर म्हातारे दारूला बसले. चिमाल सवयीनं कोपऱ्यात जाऊन बसला. नेकावाल आमच्यातच होती. तिनं आपल्या वाडग्यातलं अर्धं दुसऱ्या वाडग्यात ओतलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"प्या," ती म्हणाली. "दमलाय तुम्ही."

"पाप लागेल," तो म्हणाला. "माझं आधीचंच राहिलंय."

"त्यात हे काय जड होणार आहे?"

त्यानं वाडगा उचलला. कानाची चिंधी सरकली होती, ती तिनं नीट बांधली, जरा घट्टच. तो कळवळला. पांढरा कुत्रा दोघांच्या मधे पसरून झोपला होता. नवा पिवळा कुत्रा शोधायचं काम नेकावालनं स्वतःकडे घेतलं आहे, आणि ती म्हणते तिला काही घाई नाही.

चिमाल वाडगा संपवून माझ्याकडे सरकला. "कानाउ," तो हळूच म्हणाला, "एकदाच सांग. हिनं सांगितलं होतं का नव्हतं?"

नेकावाल कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. वर न बघता म्हणाली, "गुरुजी, तुमचा वाडगा रिकामा झालाय."

मी वाडगा पुढे केला.